सर शिकवत नाहीत

तर झालं असं, की मागच्या शनिवारी सकाळी आठच्या सुमारास दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि मॅगझीन चौकात चाकणवाला भेटला. नाइट शिफ्ट संपवून कंपनीच्या बसमधून नुकताच उतरत होता. डोळे लाल, खांद्याला सॅक, चालण्यात झोप.

चाकणवाला हे त्याचं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. एमबीएच्या आमच्या वीकेंड बॅचमध्ये एकाच नावाची तीन माणसं होती, म्हणून ज्याच्या त्याच्या पोटापाण्यावरून नावं पडली. हा चाकणच्या एका ऑटो पार्टच्या कंपनीत मशीन शॉपला सुपरवायझर, म्हणून चाकणवाला. दुसरा बँकवाला. तिसरा मी, म्हणजे अर्थातच "आयटी". चाकणवाला माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे मी त्याला दादा म्हणतो. राहतो मात्र दिघीतच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. आणि तरी कोर्स संपल्यापासून ग्रुपवर वाढदिवसाचा केक टाकण्यापलीकडे आमचं बोलणं नाही. शहरात राहण्याचे फायदे!

टपरीवर दोन चहा सांगितले. नोकरी, पोरांच्या शाळा, मोशीच्या पुढचा तो नेहमीचा जाम वगैरे झालं. मग बोलता बोलता विषय निघाला आमच्या मॅनेजमेंट अकाउंटिंगच्या सरांचा. मी म्हणालो, "दादा, त्या अर्जावर मी सही करायला नको होती यार."

तो म्हणाला, "मी पण केली होती की."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. कारण इतकी वर्षं माझ्या डोक्यात ती जी गोष्ट पक्की बसली होती, तिच्यात चाकणवाल्याने सही केलेली नव्हती.

आता पहिल्यापासून सांगतो.

2022 साल. लॉकडाऊन संपून वर्ग पुन्हा खरोखरच्या खोलीत भरायला लागले होते. सरांनी आदल्या दीड-दोन वर्षांत, घरी बसून, सगळा विषय रेकॉर्ड करून ठेवला होता. तीसेक व्हिडिओ, प्रत्येक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. पहिल्याच शनिवारी ते म्हणाले, "जे मी तिथे बोललोय ते पुन्हा इथे उभं राहून बोलणार नाही. ते तुम्ही घरी बघून या. इथे आपण गणितं सोडवू, भांडू, चुका करू."

याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. मराठीत काय म्हणावं कळत नाही. "उलटा वर्ग" म्हटलं तर बाकं उलटी पडल्यासारखी वाटतात :-) म्हणजे एवढंच, की व्याख्यान घरी आणि गृहपाठ वर्गात.

कल्पना काही सरांची नव्हती. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलंड पार्क नावाच्या गावातल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि अॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी 2007 मध्ये आपले धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. कशासाठी? तर ज्या मुलांचे तास बुडतात त्यांच्यासाठी. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्याच्याही आधी, 2000 मध्ये, ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या लेज, प्लॅट आणि ट्रेग्लिया या तिघांनी अर्थशास्त्राचा वर्ग असाच उलटा करून त्यावर पेपर लिहिला होता. तेव्हा यूट्यूब नव्हतं. मुलं चक्क व्हिडिओ कॅसेट बघून यायची, आणि पोरांना ते एकंदरीत आवडलंही होतं.

आणि खरं सांगायचं तर बिझनेस शिक्षणात हे त्याहूनही जुनं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये गेल्या शतकाच्या विशीपासून केस पद्धत चालते. केस आदल्या रात्री वाचून यायची, वर्गात फक्त चर्चा. 1961 मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्याच मदतीने उभं राहिलं, आणि केस पद्धत आपल्याकडे आली. म्हणजे मॅनेजमेंटवाल्यांना "घरून तयारी करून या" हे नवीन असायचं कारण नाही. फक्त एक छोटीशी गोष्ट. अहमदाबादला "घर" म्हणजे वर्गापासून पाच मिनिटांवरची हॉस्टेलची खोली.

आमच्या बॅचमध्ये हॉस्टेलवर कुणी नव्हतं. भोसरी एमआयडीसी, चाकण, तळवडे, पिंपरी असे सगळीकडून लोक यायचे. कुणी आठवडाभर फर्स्ट शिफ्ट करून, कुणी शुक्रवारची नाइट करून थेट. साठ जण. त्यातले माझ्यासारखे आयटीवाले दहा-बारा.

आम्हाला सरांची पद्धत फारच आवडली. आवडणारच! आम्ही रोज तेच करतो. काही अडलं की व्हिडिओ बघतो, 1.75 च्या वेगाने, पुढे ढकलत. ऑफिसात इयरफोन लावून बसलं की कुणी विचारत नाही काय बघताय म्हणून. शुक्रवारी दुपारी एक व्हिडिओ, की झाला अभ्यास.

चौथ्या की पाचव्या आठवड्यात सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. एक कंपनी महिन्याला 50,000 पार्ट बनवते. पार्ट 50 रुपयांना विकला जातो. कच्चा माल, टूल, वीज असा बदलता खर्च पार्टमागे 35 रुपये. शेडचं भाडं, पगार, हप्ते असा स्थिर खर्च महिन्याला 6 लाख. एक नवं गिऱ्हाईक येतं. जवळजवळ तसाच दुसरा पार्ट हवाय, बदलता खर्च तेवढाच, पण 40 रुपयांच्या वर देणार नाही. ऑर्डर घ्यायची का?

व्हिडिओ न बघितलेला माणूस काय करेल? 6 लाख भागिले 50,000 म्हणजे 12 रुपये. 35 अधिक 12, झाले 47. चाळीसला विकलं तर सात रुपये तोटा. नको ऑर्डर. पहिल्या बाकांवरच्या दोघांनी हेच सांगितलं.

मी व्हिडिओ बघून आलो होतो. मी हात वर केला आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणालो, की ते 6 लाख ऑर्डर घेतली काय नि न घेतली काय, जाणारच आहेत. बघायचं ते एवढंच, की 40 वजा 35, पार्टमागे 5 रुपये सुटतात. घ्या ऑर्डर. सर म्हणाले, "बरोबर." मी मागे वळून बॅचकडे बघितलं. (हो, बघितलं. खोटं कशाला बोलू.)

सर म्हणाले, "अजून कुणाचं काही?"

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, मशीन रिकामं आहे का?"

चाकणवाला. तोपर्यंत त्याने वर्गात तोंड उघडलेलं मी ऐकलं नव्हतं. सर म्हणाले, "समजा नाही." तर तो म्हणाला, "मग कशी घ्यायची? आमच्याकडे सीएनसी तिन्ही शिफ्टला चालतं. सायकल टाइम धरा 3 मिनिटं. तासाला 20 जॉब. जुन्या पार्टवर तासाला 300 रुपये सुटतात, ह्या नव्यावर 100. वर सेटिंग बदलायला दोन तास मशीन बंद. सेटिंगनंतरचे पहिले दोन-चार जॉब रिजेक्ट. तुम्ही पाच रुपये मिळाले म्हणताय, मी म्हणतो दर तासाला दोनशे गेले."

सरांनी मार्कर त्याच्या हातात दिला. पुढची वीस मिनिटं चाकणवाला फळ्यापाशी उभा होता. दोन पार्ट, एक मशीन, आठवड्याचे तास किती, कुठला पार्ट आधी चालवायचा. लोक प्रश्न विचारत होते, तो उत्तरं देत होता. मराठीत. शेवटी सर म्हणाले, "पुस्तकात याला लिमिटिंग फॅक्टर म्हणतात. पुढच्या व्हिडिओत आहे. पण मी काही इतकं चांगलं सांगितलेलं नाही."

एमबीएच्या दोन वर्षांतला हा सगळ्यात चांगला तास. हे मला आज कळतंय. त्या दिवशी मात्र माझे कान गरम झाले होते. मी वहीत खाली मान घालून काहीतरी लिहीत बसलो, म्हणजे लिहीत असल्यासारखं करत बसलो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी अर्ज फिरला.

आमच्या सीआरने चहाच्या सुट्टीत कागद पुढे केला. महोदय वगैरे झाल्यावर मुख्य वाक्य एकच होतं. "सर वर्गात शिकवत नाहीत, व्हिडिओ बघण्यास सांगतात. तरी नियमित पद्धतीने शिकवण्यात यावे, ही विनंती." खाली सह्या. माझ्या आधी वीसेक झाल्या असतील. मी म्हणालो, "खरंय रे. फी काय थोडीथोडकी आहे का?" आणि सही केली. माझी अर्धी फी कंपनी भरत होती, हा भाग वेगळा.

एकूण पंचेचाळीस सह्या झाल्या. सर पुढच्या शनिवारी आले, काही बोलले नाहीत, लॅपटॉप जोडला आणि पहिली स्लाइड लावली. पुढचं सेमिस्टर संपेपर्यंत रोज तीन तास स्लाइड. छान शिकवायचे, त्यात वाद नाही. आम्ही लिहून घ्यायचो. सेमिस्टरच्या शेवटच्या फीडबॅकमध्ये सरांना भरपूर गुण मिळाले. सगळे खूश. चाकणवाला शेवटच्या बाकावर, भिंतीला डोकं टेकून, नाइटची झोप काढायचा.

आणि तेव्हापासून मी मनात धरून चाललो होतो, की आम्ही आळशी लोकांनी सही करून त्याचा आवाज बंद केला. गोष्ट तशी सोयीची होती. मी तिच्यात थोडासा व्हिलन होतो, पण शहाणा, पश्चात्ताप झालेला व्हिलन. तो बिचारा.

आणि आता हा टपरीवर म्हणतोय, मी पण सही केली होती.

"अरे पण तुला तर तो वर्ग आवडायचा!"

"आवडायचाच. तेवढाच आवडायचा." त्याने चहात पाव बुडवला. "पण व्हिडिओ कधी बघू? नाइट असली की सकाळी घरी येऊन एकतर झोप नाहीतर व्हिडिओ. बसमध्ये बघायचो तर दहा मिनिटांत मान पडायची. त्या मशीनच्या गणिताचा व्हिडिओ मी बघितलाच नव्हता. ते मला येतच होतं, धंदाच आहे आपला. पण पुढचा धडा होता बजेट. त्याचं मला काय माहीत? सर परत मार्कर द्यायला लागले तर? एकदा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यावर परत तिथं उभं राहून येत नाही म्हणायचं?"

मी काहीच बोललो नाही. मी सही का केली होती? नेमकं याच कारणासाठी. त्याच्या प्रश्नाने माझं उत्तर फळ्यावर उघडं पडलं होतं आणि पुन्हा तसं व्हावं अशी माझी इच्छा नव्हती. स्लाइडच्या वर्गाचं एक मोठं सुख असतं, तिथे कुणी चुकूच शकत नाही. मी व्हिडिओ बघून आलो आणि तो न बघता, पण घाबरलो होतो दोघंही. फक्त माझ्याकडे शुक्रवारची दुपार होती आणि त्याच्याकडे नव्हती.

घरी आलो (दूध विसरून, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही) आणि मग मला चैन पडेना. रविवारी बॅचमधल्या आठ-नऊ जणांना फोन लावले. हा काही सर्व्हे नव्हे. नुसतं विचारलं, की तुला आठवतंय का, त्या अर्जावर सही का केलीस?

सीआर म्हणाला, "एवढी फी भरून यूट्यूबच बघायचं तर घरी बसून फुकट बघितलं असतं." ठीक. याच्याशी भांडता येईल, पण मुद्दा स्वच्छ आहे.

बँकवाला म्हणाला, "व्हिडिओत सर इंग्रजीत बोलायचे रे. वर्गात मराठीतनं सांगायचे. मला वर्गातलं कळायचं." हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. रेकॉर्डिंग म्हटल्यावर सरांनी इंग्रजीच ठेवलं होतं, आणि वर्गात उभे राहिले की तेच सर भोसरीच्या वर्कशॉपची उदाहरणं देत मराठी-हिंदीत सुटायचे. म्हणजे समजावून सांगणं परक्या भाषेत झालं, आणि आपल्या भाषेतला वेळ ज्याला ते आधीच समजलंय त्याच्यासाठी राहिला.

पिंपरीच्या एका विमा कंपनीत काम करणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "पुस्तक घेऊन बसले की सासूबाई म्हणायच्या, अभ्यास करतेय, तिला उठवू नका. मोबाइल घेऊन बसले की म्हणायच्या, मोबाइल बघत बसलीये. पंचेचाळीस मिनिटं मोबाइल बघत बसायची सोय नव्हती माझ्याकडे." ती हसत होती सांगताना. मी नाही हसलो.

एक जण म्हणाला, गटाने केस सोडवायची असायची, चौघांत काम एकटाच करायचा आणि तो एकटा म्हणजे मी. आणखी दोघं म्हणाले, सगळे करत होते म्हणून केली. एकाला अर्जच आठवत नव्हता.

एक वाक्य. "सर शिकवत नाहीत." खाली पंचेचाळीस सह्या आणि निदान सहा वेगवेगळ्या तक्रारी. त्यातली एकही, नीट बघितलं तर, "सर शिकवत नाहीत" ही नव्हती.

आता बघा, माझा धंदा काय आहे? दिवसभर मी तिकिटं बघतो. युजर लिहितो, "अॅप चालत नाही." आम्ही काय करतो? कधीपासून, कुठल्या फोनवर, कुठलं बटण दाबल्यावर, काय दिसतं, हे सगळं विचारतो. "चालत नाही" हे लक्षण असतं, रोग नव्हे, हे आम्ही फ्रेशर्सना पहिल्या आठवड्यात शिकवतो. आणि कुणी न विचारता थेट जुनी आवृत्ती परत चढवली, म्हणजे रोलबॅक करून तिकीट बंद केलं, तर त्याची आम्ही चांगली हजेरी घेतो. आमच्या कॉलेजने नेमकं तेच केलं. तक्रार आली, रोलबॅक केला, तिकीट बंद. युजर खूश. पण तिकीट लिहिणाऱ्यांत मीही होतोच की! मला चांगलं माहीत होतं, माझी खरी तक्रार काय आहे ती. मी "चालत नाही" वर सही केली.

या विषयावर जे अभ्यास झालेत ते मग जरा शोधून वाचले. दोन मला महत्त्वाचे वाटले.

पहिला हार्वर्डचा, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला. सुरुवातीच्या भौतिकशास्त्राच्या वर्गात मुलांना एकदा उत्तम, घोटीव व्याख्यान दिलं आणि एकदा त्यांच्याकडूनच गटात गणितं सोडवून घेतली. लगेच चाचणी घेतली तर गणितं सोडवणाऱ्यांना जास्त आलं. पण "तुम्ही किती शिकलात असं वाटतं?" या प्रश्नाला उत्तर उलटं. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं आपण जास्त शिकलो. का? तर स्वतः झटापट करताना आपल्याला काय येत नाही ते सारखं दिसत राहतं, आणि ते काही सुखाचं नसतं. आमच्या फीडबॅकमध्ये सरांचे गुण का वाढले, याचं उत्तर मला इथे मिळालं.

म्हणजे विद्यार्थ्यांच्या मताला किंमत नाही असं का? दुसरा अभ्यास वाचेपर्यंत मलाही तसंच वाटायला लागलं होतं. हा वेस्ट पॉइंटचा, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा, तोही 2019 चाच. तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वर्ग वाटून दिले. काहींना नेहमीचं शिकवणं, काहींना फ्लिप्ड. गणितात सुरुवातीला थोडा फायदा दिसला, अर्थशास्त्रात काहीच नाही. आणि जो फायदा झाला तो मुख्यतः जे आधीपासून हुशार होते त्यांना. पुढचे आणि मागचे यांच्यातली दरी वाढली. शेवटच्या परीक्षेपर्यंत तो फायदाही ओसरला.

लष्करी अकादमी आहे हं ही. सगळे एकाच आवारात राहणारे, एकाच घंटेला उठणारे, एकाच मेसमध्ये जेवणारे. कुणाची नाइट नाही, कुणाची सासू नाही. तिथे दरी वाढली, तर मॅगझीन चौकात बसमधून उतरणाऱ्यांचं काय?

गंमत बघा. बर्गमन आणि सॅम्स यांनी व्हिडिओ सुरू केले ते तास बुडणाऱ्यांसाठी. ज्याला वर्गात येणं जमत नाही त्याला वर्ग घरी मिळावा म्हणून. आमच्याकडे तीच गोष्ट उलटी झाली. ज्याला घरी वेळ नाही त्याला वर्गही मिळेनासा झाला, कारण वर्गात शिरायचं तिकीट घरी काढावं लागत होतं. संध्याकाळ कुणाच्या मालकीची आहे, यावर सगळं अवलंबून होतं.

तरीही मला सरांची पद्धत चुकीची होती असं म्हणवत नाही. तो वीस मिनिटांचा तास मी विसरू शकत नाही. स्लाइडच्या वर्गात तो कधीच झाला नसता. चाकणवाल्याला जे येत होतं ते कुठल्याच स्लाइडवर मावणारं नव्हतं.

मग काय करायला हवं होतं? मला वाटतं उत्तर त्या सहा तक्रारींतच होतं. पंचेचाळीस मिनिटांच्या जागी दहा मिनिटांचे तुकडे, बसमध्ये मान पडायच्या आत संपतील असे. सोबत छापलेली दोन पानं, म्हणजे सासूबाईंचं समाधान. बोलणं वर्गातल्याच भाषेत. आणि वर्गाची पहिली पंधरा मिनिटं न बघून आलेल्यांसाठी, तोंड लपवायला न लावता.

शेवटचं तर आपल्याकडे शेकडो वर्षं चाललंय. आळंदी इथून हाकेच्या अंतरावर, तिथे कधीही कीर्तनाला जाऊन बसा. समोरच्या बहुतेकांना गोष्ट पाठ असते. ते गोष्ट ऐकायला आलेलेच नसतात, तिच्यातून बुवा काय काढतात ते ऐकायला आलेले असतात. पक्की फ्लिप्ड क्लासरूम! पण कुणी पहिल्यांदाच आलं असेल, शेतातून उशिरा आलं असेल, म्हणून बुवा गोष्ट थोडक्यात सांगून घेतात. माहीत असलेल्यांना कंटाळा येत नाही आणि माहीत नसलेल्याला कुणी विचारत नाही, की घरून ऐकून का आला नाहीस?

2021 च्या मे महिन्यात यूजीसीने मिश्र शिक्षणाचा मसुदा काढला होता, 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात, असा. म्हणजे हे प्रकार वाढणारच आहेत. वाढोत. पण कुठल्याही कॉलेजने सेमिस्टर संपल्यावरच्या पाचपैकी गुणांवर विसंबू नये. चौथ्या आठवड्यातच प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा, "तू हा व्हिडिओ कुठे बसून, किती वाजता बघितलास?" बस, एवढाच. आम्हाला कुणी हे विचारलं असतं तर चाकणवाल्याने बस म्हटलं असतं, मैत्रिणीने बाथरूम म्हटलं असतं (हो, तिने तेही सांगितलं), आणि मी ऑफिस म्हटलं असतं. अर्ज लिहायची वेळच आली नसती.

सरांचा नंबर माझ्याकडे आहे. त्यांना फोन करून हे सगळं सांगायचं ठरवलंय. त्यांनी तीस व्हिडिओ घरी बसून रेकॉर्ड केले होते, एक पैसा जास्त न घेता, आणि आम्ही त्यांना लेखी दिलं की तुम्ही शिकवत नाही. आज संध्याकाळी करतो. (गेल्या रविवारीही असंच म्हटलं होतं.)

बाकी चाकणवाला. चहा संपल्यावर त्याने पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून मी जनरल शिफ्टला येतोय. प्लॅनिंगला घेतलंय. आता बजेटचं काम बघावं लागणार. ते सरांचे व्हिडिओ आहेत का रे तुझ्याकडे अजून?"

जुन्या ग्रुपवर खूप वर सरकवत जाऊन शोधल्या. लिंक अजून चालतात. सोमवारी पाठवल्या त्याला. बजेटच्या त्या व्हिडिओचं एक पानी टिपण मराठीत करून देतो म्हणालोय, ते मात्र अजून व्हायचंय.